दुसऱ्यांच्या दारात ‘हो’ मागताना

संपादकांचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. निवृत्त झालेली पीटीची शिक्षिका घरी दोरीवरच्या उड्या मारत असते असा लोकांचा समज असतो, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही एवढ्या मुलींना त्यांच्या स्वप्नांच्या मागं धाडलंत. त्या समाधानावर लिहा की.” मी हो म्हणून बसले. मग कागद पुढ्यात घेतला, तर समाधान काही येईना. येत होता तो हेवा. चांगला जाडजूड, वर्षानुवर्षं पोसलेला हेवा. तेव्हा तोच लिहिते. संपादकांना नको असेल तर त्यांनी माझ्या जागी अनारशांची कृती छापावी.

कोल्हापुरातल्या मुलींच्या एका शाळेत मी खेळ शिकवत होते. बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे गळ्यात शिट्टी, हातात छडी आणि ‘एक साथ सावधान’ एवढंच वाटतं. पीटीचा तास हा शाळेतला सगळ्यात गरीब तास. कुणीही यावं आणि उसना मागून न्यावा. जूनमध्ये वेळापत्रकात आमचे तास ठळक दिसतात, दिवाळीनंतर ते बीजगणितात विरघळून जातात. उरलेल्या वेळात आम्ही मुली शोधतो. धावण्याच्या शर्यतीत पहिली कोण आली हे मी फारसं बघत नसे. तिसरी-चौथी आली म्हणून एका बाजूला जाऊन चपलेच्या टोकानं माती उकरत चिडलेली पोरगी मी बघत असे. पहिली आलेली पुढच्या वर्षी उंच सँडल घालून येते. चिडलेली पोरगी सरावाला येते.

पण मुलगी सापडणं म्हणजे काम झालं असं नव्हे. तिथून पुढं खरं काम सुरू होतं, आणि ते मैदानावर नसतं. ते तिच्या घरात, सतरंजीवर बसून करायचं असतं. आईबापांना सांगायचं, की हिला पाठवा. पुण्याला पाठवा, क्रीडा प्रबोधिनीत पाठवा, शिबिराला पाठवा. या कामाचं शिक्षण कुठल्या कॉलेजात मिळत नाही. मला अनुभवानं काही गोष्टी कळल्या. आजी घरात असताना विषय काढायचा नाही. बाप जेवायला बसलेला असेल तर पायरीवरूनच परत फिरायचं. ‘स्वप्न’ हा शब्द चुकूनही वापरायचा नाही. या शब्दाला बाप लोक भितात. त्यांना वाटतं, आता पोरगी पळून जाणार. ‘आवड’ म्हटलं तरी कपाळाला आठी येते. ‘खेळाडूंना नोकरीत राखीव जागा असतात’ असं म्हटलं की मात्र आतून चहा येतो.

एकदा थाळीफेक करणाऱ्या एका मुलीसाठी मी राधानगरीच्या पुढच्या एका वाडीवर गेले होते. पोरगी मामाकडं राहून आमच्या शाळेत शिकायची. तिचे वडील गोठ्यात म्हशीची धार काढत होते. मी आले म्हणून त्यांनी मान वर केली, धार थांबवली नाही.

“पोरगी लांब धाडायची न्हाय,” ते म्हैस ऐकेल एवढ्याच आवाजात म्हणाले.

मी नोकरीचं सांगितलं, वसतिगृहाचं सांगितलं. ते ऐकत होते आणि भांड्यात धार वाजत होती. शेवटी मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हणाले, “पाटील, तुमच्या म्हशीचं दूध पोरीच्या दंडात उतरलंय. ते ह्या वाडीनंच बघायचं काय? जरा महाराष्ट्राला दिसू दे की.”

धार थांबली. माणूस हसला. पोरगी गेली. आज ती पोलिसात आहे आणि तिच्या दंडाला अख्खं ठाणं वचकून असतं.

त्या दिवशी परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या शेजारच्या सीटवर दुसरंच कुणीतरी येऊन बसलं होतं. एवढं एक वाक्य पुरलं या बापाला? एका म्हशीच्या नावानं कौतुक केलं आणि हो म्हणाला? मग माझ्या वेळी हे वाक्य कुणाला का सुचलं नाही?

माझी वेळ म्हणजे काय, ते सांगते. मी मूळची नेसरीची. खो-खो खेळायची आणि पळायची. माझ्या पायात वारं शिरलंय असं गावात म्हणायचे. आम्हाला शिकवणारे सर एकदा संध्याकाळी घरी आले. पुण्याला मुलींसाठी निवासी प्रशिक्षण होतं, राहणं-खाणं सगळं तिकडंच, आणि त्यांनी माझं नाव पुढं केलं होतं. मी दाराच्या आत उभी राहून ऐकत होते. सर चांगले पण बोलायला भिडस्त. त्यांनी ‘हिच्यात गुण आहेत’ असं काहीतरी पुस्तकी सांगितलं. आमचे आबा म्हणाले, “मास्तर, चहा घ्या. पोरगी काय जाणार न्हाय.” सरांनी चहा घेतला आणि ते गेले. एवढंच झालं. आरडाओरडा नाही, मारझोड नाही. पुढं मी शिक्षिका व्हायचं ठरवलं तेव्हा त्याच आबांनी खुशीनं पाठवलं. खेळाडू मुलगी त्यांना नको होती, खेळाची मास्तरीण चालणार होती.

त्यामुळं नकाराचं मला काही वाटत नसे. नकार माझ्या ओळखीचा होता. तो कुठल्या दारातून येतो, कुठं बसतो, त्याला काय खायला घालायचं हे मला ठाऊक होतं. माझी गाडी अडली ती दस्तगीरभाईंच्या दारात, कारण तिथं नकारच नव्हता.

दस्तगीरभाईंचं मोटारसायकलींच्या सीट कव्हरांचं दुकान होतं. मूळचे जयसिंगपूरचे, लग्नानंतर कोल्हापुरात आलेले. पुढं दुकान, माडीवर घर. ते रेक्झीन कापायचे आणि त्यांच्या बायको शमीमभाभी मशीनवर शिवायच्या. त्यांची मुलगी नाझनीन आमच्या शाळेत आठवीत होती. ती फुटबॉलची गोलकीपर कशी झाली, तर एकदा वर्गातल्या मुलींनी फळ्याचा डस्टर खिडकीतून बाहेर फेकला आणि खालून जाणाऱ्या हिनं डब्याची पिशवी न सोडता दुसऱ्या हातानं तो झेलला. मी व्हरांड्यातून बघत होते. दुसऱ्या दिवशी तिला गोलात उभी केली. आठवड्याभरात ती गुडघे फोडून घरी गेली, आणि पुढच्या सोमवारी गुडघ्यांना काळ्या रेक्झीनची, आत फोम भरलेली टोपणं बांधून आली. इतकी सुबक, की आमच्या शाळेच्या खरेदीत कधी तशी आली नाहीत.

“कुणी केली ही?”

“अब्बांनी. बुलेटच्या सीटचा फोम हाय मॅडम, दबत न्हाय.”

तिला पुण्याच्या एका अकादमीत घ्यायला तयार होते तेव्हा ती दहावी झाली होती. मी जय्यत तयारीनं दुकानात गेले. पर्समध्ये कात्रणं, डोक्यात उत्तरं. हात-पाय मोडला तर? लग्नाचं काय? लोक काय म्हणतील? सगळ्याला माझ्याकडं एकेक दणकट उत्तर होतं. दस्तगीरभाईंनी स्टूल पुसून दिलं. मी म्हणाले, “भाई, नाझनीनला पुण्याला न्यायचं म्हणतात.”

“कवा निघायचं?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नाही. “तिथं राहावं लागेल. वर्षभर.”

“व्हय की. रोज पुण्याला कोण ये-जा करतंय?” त्यांनी वर बघून हाक मारली, “शमीम, ऐकलं काय? नाजो पुण्याला चालली.”

मशीन थांबलं. भाभी जिन्यातून खाली डोकावल्या. “खायला काय देतात तिथं?” एवढंच त्यांनी विचारलं. मला ते माहीत नव्हतं. माझ्याकडं जेवढी उत्तरं होती त्यांतलं एकही तिथं उपयोगी पडलं नाही.

चहा पिऊन मी बाहेर आले. गाडीला किक मारली आणि ती सुरू होईना, कारण मी किल्लीच फिरवली नव्हती. माझं डोकं तापलं होतं. हा राग कसला, ते मला तिथं उभं राहूनच कळलं. ती सोळा वर्षांची पोरगी जिन्याच्या वरच्या पायरीवर पाय हलवत बसली होती, आणि तिला माहीतच नव्हतं की आत्ता काय झालं. तिला वाटत होतं, बाप असेच असतात. विचारायचं, ते हो म्हणतात, मग भूक लागते. त्या पायरीवरच्या तिच्या हलणाऱ्या पायांचा मला इतका हेवा वाटला, की मी तिला उगीचच ओरडले, “मोजे धुवून घे आधी!”

ती पुण्याला गेली. मी शाळेत फलकावर तिचं नाव लिहिलं. दर रविवारी दस्तगीरभाई तिला फोन करायचे आणि सोमवारी शाळेच्या फाटकाशी येऊन मला सगळं सांगायचे. कुणाचा फटका अडवला, कुणाशी भांडण झालं. ऐकायला मी कधी चुकले नाही. ऐकून झाल्यावर तासभर माझ्याशी कुणी बोलू नये असं मात्र व्हायचं.

वर्ष-सव्वा वर्षानं ती परत आली. दुखापत नाही, कुणी काढलंही नाही. माझ्याकडं सरळ घरी आली आणि सोफ्याच्या कडेला बसून म्हणाली, “मॅडम, मी आता खेळत न्हाय.”

आमच्याकडच्या मुली स्वतःबद्दल बोलताना ‘मी जातो, मी करतो’ म्हणतात. ती म्हणाली, “मी रेफरी होतो.”

“काय होतेस?”

“रेफरी. तिथं सराव सामन्याला एकदा रेफरी आले न्हाईत, तवा माझ्या हातात शिट्टी दिली. मॅडम, मला तसं कधीच वाटलं न्हवतं. गोलात उभं राहिलं की बॉल आपल्याकडं यायची वाट बघायची. मधी उभं राहिलं की सगळा खेळ दिसतोय. कोण लबाडी करणार ते आधी कळतंय मला. मला तेच करायचंय.”

मी तिला काय काय बोलले. पुण्याची जागा सोडतात का? त्या जागेसाठी पोरी जीव टाकतात. रेफरीला कोण ओळखतं? शिव्या खायला जन्माला आलीस का? ती ऐकत बसली. शेवटी म्हणाली, “तुम्हीच म्हणता की, जे आवडतंय ते करा.”

तसं मी म्हणत होते खरी. दर पंधरा ऑगस्टला माइकवरून म्हणत होते.

मला वाटलं, आता तरी दस्तगीरभाई भडकतील. निदान एकदा तरी या माणसाला नाही म्हणताना मला बघायचं होतं. मी दुकानात गेले. ते एका स्कूटरच्या सीटला टाचण्या मारत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

“तिला शिट्टी आवडती, मॅडम.”

“भाई, एक वर्ष वाया गेलं.”

“वाया कसं? तिथं गेली म्हणून तर शिट्टी घावली.” मग म्हणाले, “पळायची परीक्षा असती म्हणं रेफरीला. लई अवघड असती. तुम्ही घ्याल काय तिची तयारी करून?”

म्हणजे तिनं गोल सोडला तरी हा माणूस हो म्हणणार, आणि वर मलाही हो म्हणायला लावणार. एकदा मनासारखं मिळणं मी समजू शकत होते. मिळालेलं परत करून दुसरं मागता येतं, आणि तेही मिळतं, हे मला सहन होत नव्हतं. आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घालून मैदानावर हजर होते. त्याचं कारण मला विचारू नका. काम म्हणजे कामच.

रेफरीची परीक्षा दोन प्रकारची असते. एक नियमांची, लेखी. ती पाठ करून जमते. दुसरी पळण्याची. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पळायचं, थोडं चालायचं, पुन्हा पळायचं, पुन्हा चालायचं. मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या. शिट्टी वाजायच्या आत खुणेपर्यंत पोचलं नाही तर एकदा ताकीद, पुन्हा चुकलं की बाहेर. गोलकीपरला उडी मारता येते, पण एवढं सलग पळायची सवय नसते. नाझनीन पहिल्यांदा गेली आणि नापास झाली. शेवटच्या फेऱ्यांत तिचे पाय शिशाचे झाले. मी कडेला उभी होते. दस्तगीरभाईही होते. ती आडवी पडून आकाशाकडं बघत होती. ते तिच्या डोक्याशी उकिडवे बसले आणि म्हणाले, “परत कवा असती ही?”

यावेळी मात्र मी जिद्दीला पेटले. मी तिला नुसतं पळवलं नाही, पळायला शिकवलं. टाच कुठं पडावी, चालण्याच्या पट्ट्यात श्वास कसा परत मिळवावा, वळणावर खांदा कसा टाकावा. हे सगळं माझ्या अंगात होतं आणि मला ते कुठंच खर्चायला मिळालं नव्हतं. सकाळी रंकाळ्याच्या काठानं ती पुढं पळायची, मी स्कूटीवरून मागं. तिचा वेग वाढायला लागला तसं माझं लक्ष तिच्या पायांवरून हटेना. ते माझे पाय असायला हवे होते. मी ओरडायचे, “हात खाली! हात खाली!” फिरायला आलेले लोक वळून बघायचे. त्यांना वाटायचं, किती तळमळीनं शिकवतायत बाई.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. पुढं दोन हंगाम तिनं कडेच्या रेषेवर हातात झेंडा घेऊन सहायक म्हणून काढले.

माझे आबा तेव्हा माझ्याकडंच राहायला होते. नव्वदीला टेकलेले, पण नजर चांगली. नातवानं त्यांना मोबाइलवर फुटबॉलचे सामने लावायला शिकवलं होतं. कोल्हापुरात पेठेपेठेचे सामने मोबाइलवर थेट दिसतात. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर ते पडद्याला नाक लावून बसलेले.

“शाले, ही तुझी पोरगी न्हवं? झेंडावाली?”

“व्हय.”

“काय पळती गं! पोरांच्या बरोबरीनं. बापानं आडवली न्हाय म्हणून. बाप असावा तर असा.”

मी कप खाली ठेवला. माझ्या उभ्या आयुष्यात जे विचारलं नव्हतं ते तोंडातून गेलं. “मग मला का न्हाय पाठवलं, आबा?”

“कुठं?”

“पुण्याला. सर आले होते.”

त्यांनी बराच वेळ आठवलं. सोंग नव्हतं ते, खरंच आठवत होते. “व्हय, मास्तर आलतं.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “पर तू कुठं काय म्हणालीस? मास्तर गेलं आन तू भाकरी थापायला बसलीस. मला वाटलं, तुलाच जायचं नसंल. रडली असतीस तर इचार केला असता की.”

रडले असते तर. एवढ्या वर्षांनी मला हे कळत होतं, की तिथं रडायची सोय होती. मी हे खरं मानावं, की म्हाताऱ्या माणसानं स्वतःसाठी करून घेतलेली सोय मानावी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी आत गेले आणि दुसरा चहा टाकला. त्यात साखर घातली नाही. आबा म्हणाले, “आज च्या ब्येस झालाय.”

नाझनीनला मधली शिट्टी, म्हणजे मुख्य रेफरीची जागा, मिळाली ती गेल्या हंगामात. पुरुषांचा सामना, दोन्ही संघ पेठांचे. कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, की आमच्याकडं हा सामना म्हणजे नुसता खेळ नसतो. घरात जावई एका पेठेचा आणि सासरा दुसऱ्या पेठेचा असेल तर आदल्या दिवसापासून दोघे बोलत नाहीत. मैदान गच्च भरलेलं. तांबड्या जर्सीवाल्यांचे पाठीराखे जास्त, पांढऱ्या जर्सीवाल्यांचे मूठभर. मी आणि दस्तगीरभाई मधल्या पायऱ्यांवर. भाभी आल्या नव्हत्या. “मला शिव्या ऐकवत न्हाईत,” त्या म्हणाल्या होत्या.

शिव्या होत्याच. सुरुवातीला थोड्या चेष्टेच्या होत्या. “ए ताई, घरी दूध उतू जाईल!” ती तिकडं बघायचीही नाही. चेंडूच्या मागं, जरा तिरकी, सतत पळत होती. टाच बरोबर पडत होती. मी बघत होते.

सामना संपायला आला तरी बरोबरी. तेवढ्यात पांढऱ्यांचा एक फटका तांबड्यांच्या गोलासमोर बचाव करणाऱ्या खेळाडूच्या पसरलेल्या हाताला लागला. नाझनीननं शिट्टी मारली आणि पेनल्टीच्या ठिपक्याकडं हात केला.

मग जे झालं त्याला आवाज म्हणणं पुरेसं नाही. पायऱ्या हलल्या. तांबडे खेळाडू तिच्या भोवती गोळा झाले. सगळे तिच्यापेक्षा हातभर उंच. ती मागं सरली, पण दोनच पावलं. खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि सगळ्यात जास्त ओरडणाऱ्याच्या तोंडासमोर धरलं. पायऱ्यांवरून पाण्याच्या बाटल्या मैदानात पडायला लागल्या.

मी शेजारी बघितलं तर दस्तगीरभाई नव्हते.

मी उठून त्यांच्या मागं बाहेर गेले. फाटकापलीकडं मोटारसायकली लावल्या होत्या, त्यांच्या रांगेत ते खाली बसले होते. दोन्ही हात डोक्यावर, अंग थरथरत होतं.

“भाई, काय झालं? छातीत दुखतंय का?”

“न्हाय, न्हाय.” त्यांनी मान हलवली. “मला बघवत न्हाय, मॅडम. मारतील ओ तिला.”

“पोलीस आहेत तिथं.”

“असू द्यात. मला बघवत न्हाय. पुण्याला सोडून आलो तवा एसटी स्टँडवर असाच बसलतो. प्रत्येक येळेला असंच हुतंय. तिच्यापुढं हो म्हणतो आन मग कुठंतरी जाऊन बसतो.” ते माझ्याकडं न बघता बोलत होते. “तुम्ही जावा आत. तुम्ही बघा. काय झालं ते मला येऊन सांगा.”

हा माणूस सहज हो म्हणतो असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आबांचं ‘नाही’ त्यामानानं किती सोपं होतं, चहाच्या कपाबरोबर देऊन मोकळे झाले. माझा हेवा त्यामुळं कमी झाला असं मात्र समजू नका. उलट वाढला. माझ्यासाठी कुणी असं मोटारसायकलींमध्ये बसून थरथरलं असतं तर मला किती आवडलं असतं, हे मला तेव्हा कळलं.

मी आत पळाले. पायऱ्यांवर जागा राहिली नव्हती, म्हणून खाली जाळीला लागून उभी राहिले. ठिपक्यावर चेंडू होता. पांढऱ्यांचा खेळाडू आला, फटका मारला, आणि तांबड्यांच्या गोलकीपरनं झेप टाकून तो अडवला. मैदान दणाणलं. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, गुलाल उडाला, कुणीतरी माझ्याच डोक्यावर उधळला.

आणि त्या गुलालातून शिट्टी ऐकू आली.

नाझनीन पुन्हा ठिपक्याकडं हात करून उभी होती. फटका बसायच्या आधी गोलकीपर रेषा सोडून पुढं आला होता. सगळं मैदान चेंडूकडं बघत होतं, ती त्याच्या पायांकडं बघत होती. पेनल्टी पुन्हा.

गुलालाचे हात हवेतच राहिले. ती गोलकीपरजवळ गेली, रेषेवर बोट ठेवून त्याला काहीतरी म्हणाली. त्यानं तोंड वाकडं केलं. पण त्यानं मान डोलावली. गोलकीपर होता तो, त्याला माहीत होतं.

दुसरा फटका आत गेला. जाळी हलली. नंतर काय काय फेकलं गेलं ते सांगत बसत नाही. शेवटची शिट्टी झाली. पोलीस तिच्या दोन्ही बाजूंना आले आणि ती चालत निघाली. चालत, पळत नव्हे. जाळीशी आल्यावर तिनं पायऱ्यांकडं नजर फिरवली. ती बापाला शोधत होती. बाप दिसला नाही. मी दिसले. तिनं भुवया उंचावल्या, म्हणजे ‘बरोबर दिलं का?’ असं विचारलं.

मी मान डोलावली. अगदी ठाम, दोनदा. ती हसली आणि खेळाडूंच्या बोगद्यातून आत गेली.

ते सगळं माझ्या एकटीच्या वाट्याला आलं होतं. अख्ख्या मैदानात तिनं विचारलं ते मला, आणि उत्तर दिलं ते मी. बाहेर दस्तगीरभाई वाट बघत होते, आणि मी जाऊन सगळं सांगायला हवं होतं. जाणार होतेच. पण मी जाळीला धरून थोडा वेळ तशीच उभी राहिले. बघू देत त्यांना थोडी वाट.